टिकणं आणि मुरणं : नाशिकच्या एका जुन्या पांढऱ्या वाइनच्या निमित्तानं

(शेंदूरजनाघाट इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाची पाटी वाचून काही मंडळी कपाळाला आठी घालून बसली आहेत, हे आम्हाला इथून दिसतंय. (हशा) साहजिक आहे. हा गाडगेबाबांचा जिल्हा. मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. अशा मुलखात, संत्र्याच्या कलमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात, सत्तरी ओलांडलेला तत्त्वज्ञानाचा मास्तर वाइनवर बोलतो म्हणजे याला झालं तरी काय, असं वाटणारच.

म्हणून आधीच सांगतो. कुणी प्यावं, असं सांगायला आम्ही उभे नाही. दारूनं मोडलेली घरं या तालुक्यात आहेत, ती आम्ही पाहिली आहेत, आणि त्या संतांनी जे सांगितलं ते घरं वाचवण्यासाठी सांगितलं. त्यात वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. 'अमुक वस्तू काळाबरोबर चांगली होते' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? आणि 'तुमच्या भागात असलं काही होत नाही' असं जग एखाद्या प्रदेशाला सांगतं, तेव्हा ते कशाच्या आधारावर सांगतं? हा दुसरा प्रश्न वऱ्हाडातल्या माणसाला नवा नाही. आज तो नाशिकच्या एका बाटलीच्या निमित्तानं विचारू.

आधी वस्तुस्थिती. द्राक्षाची एक जात आहे, शेनिन ब्लां. मूळ फ्रान्सच्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. नाशिककडे पांढऱ्या वाइनसाठी ती मोठ्या प्रमाणावर लावतात. गेल्या हिवाळ्यात पुण्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्याकडची नाशिक जिल्ह्यातली शेनिन ब्लां उघडली. आठ वर्षांपूर्वीच्या हंगामातली. ती त्यानं विकत घेतल्यापासून वाइनसाठीच्या थंड कपाटात, तेरा अंशांवर, आडवी ठेवली होती. शेजारी त्याच वायनरीची अलीकडच्या हंगामातली बाटली ठेवली. दोन्हींवर कागद गुंडाळला, पाच जणांनी चव घेतली आणि बोलण्याआधी प्रत्येकानं आपापलं कागदावर लिहिलं. वायनरीचं नाव आम्ही इथं घेणार नाही. एका बाटलीवरून नाव घेतलं की समीक्षेची जाहिरात होते.

नवी बाटली जशी असते तशी होती. पेरू, लिंबाची साल, हिरवं सफरचंद, किंचित गोडसर शेवट. उन्हातून आल्यावर बरं वाटावं अशी. जुनी मात्र वेगळ्याच गावची. रंग पिकल्या गव्हाच्या काडीसारखा. वासात पेरू राहिलेलाच नव्हता. त्याच्या जागी मध होता, मेण होतं, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी होत्या, तव्यावर शेकलेला पाव होता. आणि एक वास असा, की पाचांपैकी दोघांनी एकमेकांना न विचारता लिहिला: पावसात भिजलेली घोंगडी. शेनिनच्या जुन्या वाइनमध्ये हा ओल्या लोकरीचा वास ल्वारमधले लोकही ओळखतात, आणि ते त्याला दोष मानत नाहीत. या सगळ्याच्या खाली आंबटपणा जागा होता. जिभेच्या दोन्ही कडांना तो लागत होता. तो नसता तर मध आणि मेण हे सगळं चिकट, जड झालं असतं.

दोषही सांगतो. मधला भाग थोडा पोकळ होता. शेवटी हलकी कडवट छटा उरत होती. थोर वाइन नव्हती ती. पण ती मेलेली नव्हती, थकलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती नव्या बाटलीची म्हातारी आवृत्ती नव्हती. तिच्यात जे होतं ते नवीत नव्हतंच.

आता इथं मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजी जाणकार अशा वाइनला 'वय पेलणारी' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमके शब्द आहेत. एक टिकणं, दुसरं मुरणं. गहू टिकतो. पेवात घातलेली ज्वारी टिकते. म्हणजे होती तशी राहते, आणि तशी राहिली हाच तिचा गुण. लोणचं मुरतं. मोरावळा मुरतो. तिथं होतं तसं राहणं अपेक्षितच नसतं. फोडीतला रस बाहेर येतो, मीठ आत जातं, मोहरीचा उग्रपणा उतरतो आणि तिसरंच काही तयार होतं. टिकणं म्हणजे काळाला दाराबाहेर ठेवणं. मुरणं म्हणजे काळाला घरात घेऊन कामाला लावणं.

आणि तिसरा प्रकार आहे बिघडण्याचा. तो या गावाला समजावून सांगायला नको. संत्र्याचा रस काढून ठेवून पाहा. काढला तेव्हा गोड, थोड्या वेळानं कडू. त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य तयार होतं. फळ खाताना ते जाणवत नाही, रस निघाल्यावर हळूहळू वर येतं. नागपुरी संत्र्याचा रस डबाबंद करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. म्हणजे जुनं ते सोनं ही म्हण सरसकट खरी नाही. काही वस्तूंचा काळ मित्र असतो, काहींचा शत्रू. कुणाचा कोण, हे वस्तू पाहून ठरवावं लागतं. आधी ठरवून मग वस्तू पाहायची नसते.

पांढरी वाइन बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलेली आहे. लाल वाइन ठेवायची, पांढरी लगेच प्यायची. त्यात भारतातली पांढरी म्हणजे तर वर्षा-दोन वर्षांत संपवायची. हा समज कुठून आला? तो सगळा खोटा नाही, म्हणूनच तो चिवट आहे.

थोडं रसायन सांगतो, कंटाळू नका. पांढऱ्या वाइनचा रस थंड ठेवून आंबवतात. त्या थंड आंबवणीत फळांसारखे वास देणारी द्रव्यं तयार होतात, त्यांना एस्टर म्हणतात. केळ्याचा, पेअरचा, पेरूसारखा जो उडता वास नव्या वाइनला असतो, त्यात त्यांचा मोठा वाटा. ही द्रव्यं टिकाऊ नसतात. बाटलीत वर्षा-दोन वर्षांत ती मोडतात. ज्या वाइनमध्ये तेवढंच होतं, तिच्यात मग काही उरत नाही. ती खरोखरच संपते. पण जिच्यात आंबटपणा भक्कम आहे, द्राक्षाचा स्वतःचा अर्क आहे, तिच्यात एस्टर गेल्यावर दुसरं काम सुरू होतं. ते फार सावकाश चालतं. मध्ये एक काळ असा येतो की तरुणपणाचा वास गेलेला असतो आणि मुरल्याचा वास आलेला नसतो. शेनिन ब्लां या काळासाठी प्रसिद्ध आहे. जाणकार म्हणतात ती मिटते. आम्ही म्हणू, मौन धरते.

आता पाहा काय होतं. तिसऱ्या वर्षी कुणी बाटली उघडली, त्या मौनाच्या काळात. वास नाही, चव बंद. तो म्हणतो, संपली. दुकानदार म्हणतो, जुना माल, काढून टाका. आणि पाचव्या, आठव्या वर्षापर्यंत कुणी जातच नाही. 'भारतातली पांढरी वाइन टिकत नाही' हे विधान असं स्वतःलाच खरं करत राहतं. तिला मुरू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं ती मुरत नाही.

हे फक्त आपल्याबाबतीत घडतं असं समजू नका. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानं फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवून फ्रेंच परीक्षकांना चाखायला दिल्या. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना, १९७३ ची शार्दोने, पहिली आली. लालमध्येही कॅलिफोर्नियाच पहिली. फ्रेंचांकडून हरकत आली की आज जिंकल्या असतील, पण या वाइन वय पेलणार नाहीत. रास्त हरकत होती. तिची परीक्षा झाली. दहा वर्षांनी १९८६ मध्ये आणि तीस वर्षांनी २००६ मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या, आणि दोन्ही वेळा कॅलिफोर्निया पुढे राहिली. पण पांढऱ्यांचं काय झालं? १९८६ मध्ये त्या पुन्हा चाखल्याच नाहीत. त्यांचे चांगले दिवस सरले असतील, असं गृहीत धरलं. कदाचित सरलेही असतील. पण पाहिलं कुणी? लाल वाइनला परीक्षा मिळाली, पांढरीला नुसता निकाल मिळाला.

हा आमचा समीक्षेवरचा पहिला आक्षेप. समीक्षकानं कडक असावं, जरूर असावं. पण उत्तरपत्रिका न उघडता नापास करणं याला कडकपणा म्हणत नाहीत.

आता नाशिककडे वळू. नाशिकला भारतातली वाइनची राजधानी म्हणतात खरं, पण जगाच्या नकाशावर या भागाकडे गंभीरपणे पाहणारे थोडे. प्रदेश तरुणही आहे. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणारी पांढरी वाइन केली, 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशी गेली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, त्यात शेनिन ब्लां होती. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग वायनरी वाढल्या. एक गंमत लक्षात घ्या. ओमर खय्याम ही शांपेनच्या पद्धतीनं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली वाइन. त्या पद्धतीत बाटली मळीवर पडून राहू द्यावीच लागते. म्हणजे महाराष्ट्राची वाइन जगाला प्रथम माहीत झाली ती थांबून केलेली पांढरी वाइन म्हणून. पुढे हे आपणच विसरलो.

पण एवढ्या उष्ण मुलखात मुरणारी पांढरी वाइन होईल कशी, हा प्रश्न खरा आहे. द्राक्षातला आंबटपणा उन्हानं जळतो. विशेषतः मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात असतं, ते उष्णतेनं झपाट्यानं कमी होतं. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, उन्हाळ्यात फळ धरतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी दोन छाटण्या करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा उलटल्यावर ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, तिच्यातून घड येतो. तोडणी जानेवारी ते मार्च. ही साधी वाटणारी गोष्ट फार मोठी आहे. शेतकऱ्यानं कात्रीनं ऋतू फिरवला. पावसाळा टाळला आणि फळ हिवाळ्यावर नेऊन ठेवलं. नाशिकचं पठार सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीच्या रात्री गार असतात. ज्या वायनरीनं जास्त साखरेचा मोह न धरता फळ लवकर तोडलं, तिला आंबटपणा हाती लागतो. आणि शेनिन ही मुळात आंबटपणा धरून ठेवणारी जात आहे.

उष्ण प्रदेशात हे होतं, याला जगात दाखला आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला हंटर खोरं आहे. उष्ण, दमट, आणि तोडणीच्याच दिवसांत पाऊस. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिथं चांगली पांढरी वाइन व्हायलाच नको. तिथं सेमियाँ नावाचं द्राक्ष लवकर तोडतात, मद्यांश दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास, लाकडी पिंपाचा संबंध नाही. नवी असताना ती लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी लागते. दहा वर्षांनी तिच्यात मध आणि शेकलेला पाव येतो, आणि चांगल्या बाटल्या वीस वर्षं जातात. तिचं मोल कळायला इतका वेळ लागला की कित्येक वर्षं ती 'हंटर रिव्हर रीझलिंग' अशा उसन्या नावानं विकली जात होती, रीझलिंग नसताना. स्वतःच्या नावानं उभं राहायलासुद्धा प्रदेशाला काळ लागतो.

शेनिनचंही तसंच. ल्वारच्या वूव्रे गावची १९४७ सालची गोड शेनिन आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. पण हीच शेनिन दक्षिण आफ्रिकेत 'स्टीन' नावानं ब्रँडीसाठी आणि स्वस्त वाइनसाठी राबत होती. तिथं तिच्याइतकी लागवड दुसऱ्या कुठल्याच द्राक्षाची नाही, आणि मान मात्र नव्हता. मग काही लोकांनी जुने वेल शोधून काढले. आता तिथं पस्तीस वर्षांहून जुन्या वेलांच्या वाइनवर लागवडीचं वर्ष सांगणारी मोहोर लावतात. जे वेल उपटून टाकायचे तेच अभिमानाचे झाले. नाशिकचा सुरुवातीचा वेल आज पंचवीस-एक वर्षांचा आहे. म्हणजे तो अजून मोहरेच्या वयाचाही नाही, आणि आपण निकाल देऊन मोकळे.

आता थोडं तत्त्वज्ञान. तेवढा हक्क आम्हाला द्या. (हशा)

कांटनं १७९० च्या ग्रंथात एक उदाहरण दिलंय. कॅनरी बेटांची वाइन छान आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला दुरुस्त करावं: 'मला' छान वाटते असं म्हण. म्हणजे वाइनची आवड खाजगी, तिच्यावर वाद नाही. ह्यूम त्याच्या आधीचा, १७५७ चा. तो 'दोन किहोते'मधली गोष्ट सांगतो. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे पण जरा चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, चांगली आहे पण जरा लोखंडाची चव येते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं केलं तर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. ह्यूमचं म्हणणं, चव खाजगी असली तरी किल्ली खाजगी नसते.

आम्ही दोघांना एकत्र बसवू. 'ही वाइन आवडली' हे कांटचं वाक्य. त्यावर भांडू नये. पण 'ही वाइन मुरली' हे ह्यूमचं वाक्य आहे. त्यात किल्ली आहे. नवी बाटली आणि जुनी बाटली शेजारी ठेवली, दहा जणांनी न बोलता लिहिलं, तर दावा खरा की खोटा हे तपासता येतं. समीक्षेनं आवडीवरून उठून या दाव्यापाशी येऊन बसावं, एवढंच आमचं मागणं आहे. आमच्याकडे वाइनवर जे लिहिलं जातं, त्यात पेरू आणि अननस यांची यादी असते, शेजारी कोणता पदार्थ खावा हे असतं. पण बाटली कोणत्या हंगामाची, कधी उघडली, कुठं ठेवली होती, पुन्हा कधी उघडणार, हे नसतं. मग किल्ली सापडणार कशी?

दुसरा मुद्दा आपल्या दर्शनांचा. आठ वर्षांनी आलेला तो मध पहिल्या दिवशी बाटलीत होता का? सांख्य म्हणतील, होता. कार्य कारणात आधीपासून असतंच. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. याला सत्कार्यवाद म्हणतात. नैयायिक म्हणतील, नव्हता. घडा मातीत नसतो, तो नव्यानं उत्पन्न होतो. नाशिकच्या बाटलीनं आम्हाला दोघांचं अर्धं अर्धं पटवलं. आंबटपणा पहिल्या दिवशी नसता तर काळानं काही दिलं नसतं. वाळू कितीही ठेवा, तेल येत नाही. पण मध तयार व्हायला द्राक्षाखेरीज आणखी काही लागलं. गारवा, अंधार, आणि कुणीतरी न उघडता थांबलेलं माणूस. याला आपले शास्त्री निमित्तकारण म्हणतात. वाइनच्या चर्चेत उपादानाबद्दल, म्हणजे माती, जात, हवामान यांबद्दल पुष्कळ बोलतात. निमित्ताबद्दल कुणी बोलत नाही. कारण निमित्ताला पैसा लागतो.

इथं विषय आपल्या गावात येतो. थांबणं हा गुण आहे असं आपण म्हणतो. पण थांबणं ही आधी ऐपत आहे. शेंदूरजनाघाटच्या कलमवाल्याला थांबणं शिकवायला नको. जंभेरीचं रोप वाढवायचं, त्यावर डोळा भरायचा, कलम विकायचं, आणि तो खुंट बरोबर होता की नाही हे बागेत कित्येक वर्षांनी कळणार. चांगली बाग लावणारा माणूस पुढच्या पिढीशी बोलत असतो. म्हणजे लावताना आपण थांबतो. विकताना मात्र थांबता येत नाही. फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो, कारण खताची उधारी आणि मुलीची फी थांबत नाही. मग भाव कोण खातो? ज्याला थांबता येतं तो.

वाइनमध्येही तेच आहे. जुनी वाइन महाग असते ती केवळ चवीमुळे नाही. कुणीतरी इतकी वर्षं त्या पैशाविना राहिलं, त्याची ती किंमत आहे. फ्रान्सच्या घराण्यांकडे पिढ्यांची तळघरं आहेत. नाशिकच्या वायनरीवर कर्ज आहे, गोदाम गार ठेवायचं तर विजेचं बिल आहे, आणि पुढच्या तोडणीआधी टाक्या रिकाम्या हव्यात. ती वाइन लगेच विकते, लगेच विकायची म्हणून लगेच आवडेल अशी करते, आणि जग म्हणतं, पाहा, यांना एवढंच जमतं. ऐपत नसण्याला जग स्वभाव समजतं. या अन्यायासाठी आम्ही आज इथं बोलतोय. प्रदेशाच्या गरिबीवरून त्याच्या गुणाचा निकाल देऊ नये. वऱ्हाडाच्या कापसाबद्दल, संत्र्याबद्दल, आमच्या मुलांबद्दल हेच झालेलं आहे.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि मोठा वाद झाला. विरोध करणाऱ्यांची काळजी आम्हाला समजते. पण दोन्ही बाजूंची भाषणं आठवून पाहा. एक म्हणत होता, जास्त विकली जाईल, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरा म्हणत होता, जास्त विकली जाईल, समाजाचं वाईट होईल. जास्त हा शब्द दोघांचा एकच. कमी करून, राखून, चांगली करून विकण्याची गोष्ट कुणीच काढली नाही. आमच्या मते शेतकऱ्याचं भलं आणि समाजाचं भलं यांचा मेळ बसलाच, तर तो तिथंच बसेल.

आता एका बाटलीनं काय सिद्ध होतं, तेही मोजूनमापून सांगितलं पाहिजे. 'नाशिकच्या पांढऱ्या वाइन मुरतात' हे सिद्ध होत नाही. 'नाशिकची पांढरी वाइन मुरूच शकत नाही' हे विधान मात्र पडतं. सार्वत्रिक नकार पाडायला एक खरा अपवाद पुरतो, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पुढचं विधान उभं करायला पुष्कळ बाटल्या लागतील. प्रत्येक वायनरीनं दर हंगामाच्या काही पेट्या बाजूला, गार जागी ठेवाव्यात. दर वर्षी एक उघडावी. जे आढळेल ते तारखेसह लिहावं, वाईट आढळलं तरी लिहावं, आणि सगळ्यांसमोर ठेवावं. दहा वर्षांत आपल्याकडे मत नसेल, पुरावा असेल. तो आपल्या विरुद्ध गेला तरी चालेल. आपलं आहे म्हणून चांगलं, हेही उत्तरपत्रिका न उघडणंच झालं.

एवढं बोलून थांबतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न : सर, आपल्या संत्र्याची वाइन केली तर ती मुरेल का?

उत्तर : उत्तर दोन भागांत देतो. जगात 'ऑरेंज वाइन' नावाचा प्रकार आहे, तो ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. (हशा) तिचा संत्र्याशी संबंध नाही. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की नारिंगी रंग येतो, म्हणून ते नाव. आता आपल्या संत्र्याचं. वाइनच्या द्राक्षाच्या मानानं त्यात साखर निम्म्याच्या आसपास असते, म्हणून मद्यांश कमी येतो, आणि कमी मद्यांशाचं पेय राखणं कठीण. वर लिमोनिनचा कडवटपणा, तो मघाशी सांगितला. आंबवून फळाचं पेय करता येतं, त्याला कुणाची ना नाही. पण ते मुरेल असं म्हणायला आज आधार नाही. संत्र्याचं मोल वाढवायचं तर शीतगृह, प्रतवारी, साल आणि तेल यांचा उपयोग, हे रस्ते आधी पाहावेत. प्रत्येक फळानं द्राक्षाच्या वाटेनं जाण्याची गरज नाही. तिळाचं तेल निघतं म्हणून उसाचंही काढायला बसू नये.

प्रश्न : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. इथं अशी बाटली ठेवता येईल का? की हे शहरातल्या श्रीमंतांचंच काम?

उत्तर : घरातल्या कपाटात ठेवली तर एका उन्हाळ्यात संपेल. ती मुरणार नाही, शिजेल. बारा ते चौदा अंश, अंधार, आणि तापमानात चढउतार नको. नेहमीचा फ्रीज फार थंड, आणि वीज गेली की चढउतार आलाच. तेव्हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग खरा आहे. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. पण जुन्या वऱ्हाडात धान्यासाठी पेवं होती आणि ती जमिनीखाली होती, कारण जमीन गार राहते हे लोकांना माहीत होतं. एका घराला जे परवडत नाही ते दहा जणांना मिळून परवडतं. बाटलीचं सोडून द्या, तिच्याशिवाय आपलं काही अडलेलं नाही. संत्र्याचा विचार करा. दहा शेतकऱ्यांचं मिळून एक शीतगृह असेल, तर सौदा करणाऱ्याला पहिल्यांदा 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगता येईल. तेवढा एक आठवडा ज्या दिवशी आपल्या हातात येईल, त्या दिवसापासून आपल्या मालाबद्दल लोक वेगळं बोलायला लागतील.